वायफायवरून सगळ्यांना एकदम बाहेर कोण ढकलतंय? अ‍ॅक्सेस पॉइंटमधली खोट ओळखायची आणि बुजवायची कशी

वायफाय कटायला लागलं की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. आधी नेटवाल्याला फोन, मग पासवर्ड बदलणं. कोणी मुद्दाम लोकांना वायफायवरून खाली पाडत असेल, तर या दोन्हींचा काडीचा उपयोग होत नाही. नेटवाल्याची लाइन ठणठणीत असते, आणि ढकलणाऱ्याला तुमचा पासवर्ड लागतच नाही. तुम्ही तो चाळीस अक्षरी ठेवला तरी तो बाहेर बसून तुमच्या सगळ्या फोनांना सुटायला लावू शकतो.

जळगाव, धुळे, अंमळनेर, शिरपूर इथल्या अभ्यासिका, सेतू केंद्रं, सराफांची दुकानं, रावेर-सावद्याकडची केळीची गोदामं यांच्यासाठी हा लेख आहे. थोडक्यात, जिथे वायफायचा डबा कोणीतरी एकदा बसवून दिला आणि नंतर कोणी त्याच्या सेटिंगमध्ये डोकावलं नाही, अशा सगळ्या जागांसाठी.

खोट नेमकी कुठे आहे

फोन आणि अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे आपला वायफायचा डबा, यांच्यात दोन तऱ्हेचं बोलणं चालतं. एक तुमचा मजकूर: व्हॉट्सअ‍ॅप, पेमेंट, व्हिडिओ. तो कुलूपबंद जातो. दुसरं म्हणजे कामकाजाचे निरोप: 'मी इथे आहे', 'मला जोडून घे', 'आता तू सुट'. यांना मॅनेजमेंट फ्रेम म्हणतात. वायफायचं ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आलं, तेव्हापासून हे निरोप उघडे जात आले. 'आता तू सुट' या निरोपाचं नाव डीऑथेंटिकेशन. तो खरंच अ‍ॅक्सेस पॉइंटने पाठवला की दुसऱ्या कोणी, हे फोन तपासत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता जुळला की झालं, आणि तो पत्ता तर डबा स्वतःच दर सेकंदाला अनेकदा हवेत ओरडून सांगत असतो. धुळ्याच्या एसटी स्टँडवर कोणीही येऊन माइक हातात घ्यावा, 'गाडी रद्द' म्हणावं आणि सगळ्या प्रवाशांनी मुकाट्याने उतरावं, तसा हा प्रकार.

हे नवं मुळीच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जॉन बेलार्डो आणि स्टीफन सॅव्हेज यांनी २००३ मध्येच हा हल्ला प्रत्यक्षात करून दाखवला. त्याच कामात त्यांनी दुसरी वाटही मांडली. प्रत्येक फ्रेममध्ये 'मी इतका वेळ हवा अडवणार' असं सांगणारा एक आकडा असतो. तो जास्तीत जास्त ३२,७६७ मायक्रोसेकंद असू शकतो. म्हणजे सेकंदाला तीसेक खोट्या फ्रेम सोडल्या, की मानक पाळणाऱ्या प्रत्येक यंत्राने गप्पच बसायचं. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या ८०२.११बी पद्धतीतली आणखी एक खोट उघड केली. 'हवा मोकळी आहे का' हे तपासण्याची जी पायरी असते, तिलाच फसवून आजूबाजूची सगळी यंत्रं थांबवता येत होती.

डीऑथेंटिकेशनवरचा इलाज २००९ मध्ये ८०२.११डब्ल्यू या नावाने आला. त्याने हे निरोपही सहीशिक्क्याचे झाले. पण डब्ल्यूपीए२ या वायफायच्या नेहमीच्या कुलूप-पद्धतीत तो ऐच्छिक राहिला, आणि कंपन्यांनी जुनी यंत्रं तुटू नयेत म्हणून सेटिंग बंद ठेवूनच डबे विकले. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ या पुढच्या पद्धतीत मात्र तो सक्तीचा आहे. इलाज येऊन इतकी वर्षं झाली तरी आपल्या भिंतीवरच्या डब्यात तो बंदच असतो, ही खरी रड आहे.

'ढकललं तर ढकललं, फोन परत जोडला जातो की' असं म्हणून सोडून देऊ नका. परत जोडताना फोन आणि डबा यांच्यात जी चार निरोपांची देवाणघेवाण होते, ती कोणी टिपून घेतली तर घरी बसून पासवर्ड शोधता येतो. आपल्याकडे वायफायचा पासवर्ड म्हणजे बहुतेक वेळा दुकानाचा मोबाइल नंबर. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर एकूण ४०० कोटी. चांगल्या गेमिंग ग्राफिक्स कार्डाला हे काही तासांचं काम, आणि नंबर पाटीवरच रंगवलेला असेल तर तेवढेही कष्ट नकोत. शिवाय २०२० मध्ये क्रूक नावाचा दोष समोर आला. ब्रॉडकॉम आणि सायप्रेसच्या काही चिपा जोडणी तुटल्यावर उरलेला मजकूर शून्यांच्या किल्लीने कुलूपबंद करून पाठवत होत्या. म्हणजे जोडणी तोडायची आणि मजकूर वाचायचा.

पायरी १: आधी ऊन, वीज आणि लाइन यांना बाद करा

इथे घाई करू नका. 'कोणीतरी हॅक करतंय' असं वाटणाऱ्या बहुतेक तक्रारींमागे हॅकर नसतो, मे महिना असतो. घरगुती डब्यांच्या माहितीपत्रकात साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात बाहेरच ४४-४५ होतं, आणि पत्र्याखाली, इन्व्हर्टरच्या शेजारी, सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेल्या डब्याची काय अवस्था होत असेल? दुपारी एक ते पाच कटतं आणि रात्री गुण्यागोविंदाने चालतं, असा नमुना दिसला की डबा भिंतीवर खाली, सावलीत, मोकळ्या हवेत आणा आणि दोन दिवस पाहा. इन्व्हर्टरवर वीज पलटताना डबा बंद-चालू होतो का, तेही बघा.

मग एक लॅपटॉप केबलने डब्याला जोडा आणि त्यावर दोन पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर येतंय का हे सतत विचारणाऱ्या आज्ञा, चालू ठेवा: एक डब्याच्या पत्त्यावर, एक बाहेरच्या कुठल्याही नेहमी चालू असणाऱ्या पत्त्यावर. शेजारी वायफायवर दुसरा लॅपटॉप तसाच ठेवा. 'नेट परत गयं भो' अशी हाक आली की दोन्ही पडदे बघायचे. केबलवरूनही बाहेरचा पिंग थांबला तर लाइन गेली, नेटवाल्याला फोन करा. केबलवरून डब्याचाच पिंग थांबला तर डबा लटकला किंवा बंद-चालू झाला. केबल ठीक आणि वायफायवरचे सगळे एकदम पडले, तरच या लेखातलं पुढचं तुमच्या कामाचं. एकच फोन पडत असेल तर तो फोन बघा.

डब्याच्या सेटिंगच्या पानावर 'अपटाइम' म्हणजे तो किती वेळ अखंड चालू आहे हे दिसतं. वीज गेलेली नसताना हा आकडा पुन्हा शून्यावरून सुरू होत असेल आणि डबा गारही असेल, तर दोष फर्मवेअरमध्ये, म्हणजे डब्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, असू शकतो. काही डबे वेडीवाकडी फ्रेम किंवा लांबलचक मागणी आली की कोसळतात. तिथे फर्मवेअर अपडेट करणं, बाहेरून डब्यात शिरण्याची सोय आणि यूपीएनपी (यंत्रांना परस्पर बाहेरची वाट उघडू देणारी सोय) बंद करणं, एवढंच हातात आहे. कंपनीने त्या मॉडेलचे अपडेट थांबवले असतील तर डबा बदला, त्याच्यावर आणखी वेळ घालवू नका.

परीक्षेच्या दिवशीच वायफाय बोंबलत असेल आणि शेजारी परीक्षा केंद्र असेल, तर तिथे अधिकृत जॅमर लावलेला असू शकतो. संध्याकाळपर्यंत थांबायचं.

पायरी २: डब्याची नोंदवही वाचा

सिस्टिम लॉग उघडा. त्याआधी घड्याळ बघा. बऱ्याच डब्यांत वीज गेली की तारीख १९७० वर जाते आणि मग नोंदींना अर्थ उरत नाही. वेळ इंटरनेटवरून घेण्याची सोय चालू करा, टाइम झोन साडेपाच तास पुढे ठेवा.

प्रत्येक तुटीसमोर 'रीझन' म्हणून एक आकडा असतो. ३ म्हणजे यंत्र स्वतःहून निघून गेलं, ४ म्हणजे बराच वेळ काही बोललं नाही, ५ म्हणजे डब्याला इतकी यंत्रं पेलवत नाहीत, १५ म्हणजे जोडणीची देवाणघेवाण वेळेत पुरी झाली नाही, बहुतेक वेळा चुकीचा पासवर्ड. अभ्यासिकेत तीस-चाळीस मुलं आणि प्रत्येकाकडे फोन व लॅपटॉप, तर ५ हा आकडा दिसणारच. तिथे हल्ला नाही, डबा लहान पडतोय. १, ६ किंवा ७ हे आकडे एकाच सेकंदाला सगळ्या यंत्रांपुढे आले तर मात्र कान टवकारा. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, आणि ढकलणाऱ्याने निरोप थेट फोनांना पाठवला असेल तर डब्याला त्याचा पत्ताही नसेल. लॉग कोरा आणि लोक मात्र पडतात, हीसुद्धा एक खूणच.

लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांकडून जोडणीच्या शेकडो मागण्या दिसल्या तर तो वेगळा प्रकार. तिथे डब्याची नावांची यादी खोट्या नावांनी भरून टाकतात, आणि खऱ्या माणसाला जागाच उरत नाही.

पायरी ३: हवेत काय चाललंय ते ऐका

हे काम एकदाच करायचं, पण नीट. मॉनिटर मोड (हवेतल्या सगळ्या फ्रेम ऐकण्याची सोय) चालणारं यूएसबी वायफाय अ‍ॅडॉप्टर, लिनक्स असलेला लॅपटॉप आणि त्या फ्रेम उघडून दाखवणारं वायरशार्क हे सॉफ्टवेअर एवढं पुरतं. साध्या अँड्रॉइड फोनवर हे सहसा जमत नाही. स्वतःला येत नसेल तर इंजिनिअरिंग कॉलेजात नेटवर्किंग शिकलेला एखादा पोरगा गाठा. अ‍ॅडॉप्टर तुमच्याच डब्याच्या चॅनलवर ठेवा आणि मॅनेजमेंट फ्रेमच तेवढ्या टिपा, लोकांच्या मजकुरात तोंड घालू नका.

शोधायच्या फ्रेम दोन: सबटाइप १२ म्हणजे डीऑथेंटिकेशन, सबटाइप १० म्हणजे डिसअसोसिएशन, हाही जोडणी सोडायला लावणारा तसाच निरोप. रोजच्या चालीत त्या अधूनमधून दिसतात. हल्ल्यात सेकंदाला दहा-वीस ते शेकड्यांनी येतात, आणि बऱ्याचदा एका फोनाऐवजी 'सगळ्यांसाठी' असलेल्या पत्त्यावर जातात.

आता बारकाई. वायरशार्कमध्ये प्रत्येक फ्रेमचा सिग्नल दिसतो. समजा तुमच्या डब्याच्या खऱ्या बीकन फ्रेम, म्हणजे 'मी इथे आहे' हे निरोप, उणे ४८ वर येताहेत. त्याच पत्त्यावरून आलेली 'सुट' फ्रेम उणे ७१ वर आली, तर एकाच जागेवर टांगलेला डबा दोन ठिकाणाहून कसा बोलेल? दुसरी खूण सिक्वेन्स नंबरची. खऱ्या फ्रेमचे नंबर ओळीने चढतात, मध्येच घुसवलेल्या फ्रेमचे कुठलेतरी भलतेच असतात. या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या की फ्रेम खोटी आहे याची खात्री झाली.

मात्र प्रत्येक वेळी त्यामागे खोडसाळ पोरगंच असेल असं नाही. मोठ्या हॉस्पिटलात, हॉटेलात, कॉलेजात महागडी वायफाय यंत्रणा असते, आणि तिच्यात 'परक्या डब्यांना दाबून टाका' अशी सोय असते. शेजारच्यांनी ती चुकून चालू ठेवली तर तुमचा डबा त्यांच्या लेखी परका. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका हॉटेलात पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट असेच पाडले जात होते. त्यापायी २०१४ मध्ये मॅरियटला तिथल्या दूरसंचार आयोगाकडे ६ लाख डॉलर भरावे लागले. तेव्हा पोलिसांत जाण्याआधी शेजारच्या इमारतीच्या आयटीवाल्याशी चहा घ्या.

पायरी ४: मॅनेजमेंट फ्रेमचं संरक्षण चालू करा

हाच मुख्य इलाज, आणि बहुतेक डब्यांत तो फुकट पडून असतो. वायरलेस सिक्युरिटीत किंवा अ‍ॅडव्हान्स्ड पानावर पीएमएफ, एमएफपी, मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन किंवा सरळ ८०२.११डब्ल्यू असं लिहिलेलं सापडेल. पर्याय तीन: डिसेबल्ड, ऑप्शनल किंवा केपेबल, आणि रिक्वायर्ड.

त्याआधी एनक्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याची पद्धत, एईएसवर आणा. टीकेआयपी ही जुनी पद्धत किंवा 'दोन्ही' असं असेल तर बदला. टीकेआयपीमध्ये स्वतःचीच एक खोट आहे: ६० सेकंदांत दोन बनावट फ्रेम पकडल्या गेल्या की डबा बचावासाठी म्हणून ६० सेकंद सगळ्यांची सेवा बंद ठेवतो. ढकलणाऱ्याचं काम डबाच करून देतो.

मग आधी ऑप्शनल. ज्या यंत्रांना संरक्षण समजतं ती ते घेतील, बाकीची जुन्या पद्धतीने जोडली जातील. बदल केल्यावर प्रत्येक यंत्र एकदा तोडून पुन्हा जोडा, नाहीतर जुनीच बोली चालू राहते. आठवडाभर असं चालवा आणि कोण मागे राहतंय ते लिहून काढा. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'netsh wlan show drivers' टाइप केलं की ८०२.११डब्ल्यू चालतं की नाही हे एका ओळीत समजतं.

मागे राहणारे साधारण ठरलेले असतात: जुना प्रिंटर, वजनकाट्याचं वायफाय, स्वस्तातले स्मार्ट प्लग आणि बिनब्रँडचे कॅमेरे. त्यांच्यासाठी वेगळ्या नावाचं छोटं नेटवर्क काढा आणि मुख्य नेटवर्क रिक्वायर्डवर न्या. ऑप्शनलवरच कायमचं थांबू नका, कारण त्यात जुनी यंत्रं उघडीच राहतात.

डबा आणि यंत्रं नवी असतील तर थेट डब्ल्यूपीए३. विंडोज १० ची १९०३ आवृत्ती, अँड्रॉइड १०, आयओएस १३ इथून पुढे ते सॉफ्टवेअरमध्ये आहे, फक्त यंत्रातली चिपही ते झेपणारी हवी. सरमिसळ असेल तर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र पर्याय ठेवा. डब्ल्यूपीए३ चीही एक दुखरी जागा आहे. जोडणीच्या वेळचं गणित जड असतं, आणि २०१९ मध्ये मॅथी व्हॅनहूफ व इयल रोनेन यांनी दाखवलं की खोट्या मागण्यांचा मारा करून डब्याचा प्रोसेसर दमवता येतो. म्हणून इथेही फर्मवेअर ताजं हवं.

सेटिंग लागलं का हे बघायला स्वतःवर हल्ला करायची गरज नाही. वायरशार्कमध्ये तुमच्याच डब्याची बीकन फ्रेम उघडा. आरएसएन केपेबिलिटीज या भागात संरक्षण 'केपेबल' आणि 'रिक्वायर्ड' अशा दोन खुणा असतात. रिक्वायर्ड निवडलं असेल तर दोन्ही १ दिसायला हव्यात. काही डबे पानावर पर्याय दाखवतात आणि प्रत्यक्षात लावत नाहीत, म्हणून ही खात्री.

आता खोटा 'सुट' आला की फोन तो फेकून देतो, किंवा डब्याला आधी विचारतो, 'खरंच तू म्हणालास का?' या विचारपुशीला एसए क्वेरी म्हणतात.

पायरी ५: जे थांबून चालणार नाही ते केबलवर

पीएमएफने सगळं सुटत नाही. हवा अडवणाऱ्या कंट्रोल फ्रेम त्याच्या कक्षेत येत नाहीत, किल्ली ठरण्याआधीचे निरोपही नाहीत, आणि सरळ जॅमर लावला तर कुठलंच सेटिंग कामाला येत नाही. म्हणून काही गोष्टी हवेवर सोडायच्याच नाहीत.

सराफाच्या दुकानातला कॅमेरा वायफायवर ठेवणं मला पटत नाही. बसवणाऱ्याला भिंत फोडायचा कंटाळा येतो म्हणून तो वायफाय सुचवतो. चोराने बाहेरून वायफाय पाडलं की त्याच वेळचं चित्रीकरण गायब. केबल टाका आणि चित्रण दुकानातल्या रेकॉर्डरवर होऊ द्या. केळीच्या रायपनिंग चेंबरचंही तेच. इथिलिन सोडल्यावर आतला कार्बन डायऑक्साइड वेळेवर बाहेर काढावा लागतो, तापमान हललं तर अख्खी खोली एकसारखी पिकत नाही. त्याचं नियंत्रण चेंबरशेजारच्या पेटीतूनच व्हायला हवं. मोबाइलवर आकडे दिसणं ही चैन आहे, ती तुटली तरी पंखा फिरला पाहिजे.

बाकीच्यांना ५ गिगाहर्ट्झवर हलवा. बाजारात काहीशे रुपयांना मिळणारे ईएसपी८२६६ जातीचे छोटे वायफाय बोर्ड २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे हौशी खोडकरांचा मोठा वर्ग इथेच गळतो. पट्टीचा माणूस ५ वरही येऊ शकतो, पण त्याला सामान वेगळं लागतं. चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला घ्या. ५२ ते १४४ मध्ये रडारची चाहूल लागली, अगदी खोटी लागली, तरी डब्याला चॅनल सोडावा लागतो, आणि ते दिसायला हल्ल्यासारखंच दिसतं. एक अडचण आपल्याकडची आहे. जुन्या गल्ल्यांतल्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ पलीकडे जात नाही. तिथे केबल ओढून खोलीत दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवावा लागतो, रिपीटरने भागत नाही.

तरीही थांबलं नाही तर

सिग्नलचा आकडा बघत लॅपटॉप घेऊन फिरलात तर उगम कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज येतो. बाजू कळली की पुरे. दारात जाऊन भांडू नका आणि उलट हल्ला तर अजिबात नको, कारण मग कायदा तुमच्याही मागे लागतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये हक्काच्या वापरकर्त्याची वाट अडवणं येतं. ते लबाडीने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जॅमर बाळगायलाही खाजगी माणसाला मनाई आहे.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात द्या. सोबत वायरशार्कची मूळ फाइल, डब्याचा लॉग, दोन्ही पिंगच्या नोंदी आणि कोणत्या तारखेला किती वाजता काय बंद पडलं याचा कागद. स्क्रीनशॉटवर भागवू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पूर्वी ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होतं, आणि जुना नमुना अजून झेरॉक्सच्या दुकानात फिरतो, तेव्हा भरण्याआधी कलमाचा नंबर बघून घ्या.